एक पडला तरी बाकीचे चालू

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या भाऊजींचा कॉम्प्युटर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, तो बंद आहे. पडदा राखाडी. एकही चित्र नाही, फोल्डर नाही, डोंगर-तलावाचा फोटोसुद्धा नाही. वरच्या कडेला बोटभर रुंदीची एक पट्टी आणि तिच्यात फक्त वेळ. मी म्हटलं, "भाऊजी, बिघडलाय का हा?" त्यांनी दोन कळा दाबल्या आणि चार कामं एकमेकांना न झाकता शेजारी शेजारी येऊन बसली. पुन्हा दोन कळा, सगळं गायब. माणूस गालातल्या गालात हसत होता. मला त्यांचा तेव्हाच राग आला होता, हे कबूल करतो. मला राग फार लवकर येतो. माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक एक फ्रेम निवडायला अर्धा तास लावतं तेव्हा मी काउंटरखाली मुठी आवळून वर हसत असतो.

भाऊजी एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे साहाय्यक होते. प्राध्यापक शिकवायचे, मुलं शिकायची, आणि चाळीस जुनी मशीनं जिवंत ठेवायचं काम यांचं. नवी मशीनं मागितली की वरून दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर यायचं, ते इतकं नेमाने यायचं की भाऊजींनी अर्ज करणंच सोडून दिलं. त्याऐवजी त्यांनी ओपन सोर्सची वाट धरली. बनवणाऱ्याने प्रोग्रामची आतली मांडणी उघडी ठेवायची, आणि ज्याला हवा त्याने तो घ्यावा, उघडावा, बदलावा, असा तो प्रकार. म्हाताऱ्या मशीनला पेलेल एवढंच सामान ते निवडून निवडून घालायचे. कॉलेजातली चाळीसच्या चाळीस मशीनं त्यांनी अशी बारा वर्षं ओढली.

घरचा कॉम्प्युटर मात्र त्यांच्या हौसेचा. तयार डेस्कटॉप त्यांना चालत नसे. खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्राम एकाचा, वरची पट्टी दुसऱ्याची, कळ दाबली की हवं ते काम उघडून देणारा तिसऱ्याचा, कोपऱ्यात निरोप दाखवणारा चौथ्याचा. हे सगळे बनवणारे कुठले कोण, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले. यांनी ते आणून एका फायलीत ओळीने लिहायचे, कोण आधी उठेल, कोण नंतर, कुणाचं कुणाशी कसं जुळेल. रविवारच्या रविवार त्यात जायचे. मी त्यांना जोडारी म्हणायला लागलो, आणि घरात तेच नाव पडलं.

"कशाला एवढा उपद्व्याप?" मी विचारायचो. "जग तयार घेतं ना!"

"तू दुकानात लोकांना तयार चष्मे देतोस का? नंबर काढतोस ना?"

एवढ्यावर ते थांबत नसत. "आणि यात एक फायदा आहे बघ. सगळे सुटे सुटे आहेत. एक पडला तरी बाकीचे चालू राहतात."

"आणि सगळे एकदम पडले तर?"

"मग माणूसच पडला असेल," म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन चहा मागायचे. आतून ताई ओरडायची, "तुमच्या त्या सुट्या सुट्यांना सांगा चहा करायला!"

ताईबद्दल सांगायचं तर ती घरातल्या पुढच्या खोलीत शिवणक्लास चालवायची. सहा मशीनं, एक लांब कापणीचं टेबल, भिंतीवर खडूने काढलेल्या बाह्या आणि कॉलर. मुलींना ती शिवणापेक्षा उसवणं जास्त शिकवते, अशी तिची ख्याती होती. टाका वाकडा गेला की "उसव" एवढंच म्हणायची. रस्त्याने जाताना पुढच्या माणसाच्या शर्टाची पाठ बघून ती शिवणारा किती घाईत होता ते सांगायची. तिच्यासमोर उभं राहायचं म्हणजे बटणं नीट लावलेली बरी.

दोघांचं कसं जुळलं, हे मला कधी उलगडलं नाही. एक जण फाटकी कॉलर असलेला चौकड्यांचा शर्ट वर्षानुवर्षं घरी घालणारा, आणि दुसरी कॉलरवर जगणारी. दर दोन-तीन महिन्यांनी ती तो शर्ट त्यांच्या अंगावरून अक्षरशः ओढून काढायची आणि दुरुस्त करून परत द्यायची. फेकून मात्र देत नसे. मुलगी, माझी भाची, दोघांचे निम्मे निम्मे गुण घेऊन दुसऱ्या शहरात नोकरीला गेली होती. घर भांडणांनी आणि हसण्याने भरलेलं होतं.

मग एक दिवस ताईच्या हातून कात्री पडली. उचलली, पुन्हा पडली. ती म्हणाली, वय झालं. तिसऱ्या महिन्यात तिला सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा मी तिचा नंबर काढला. डोळे ठणठणीत होते. दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत मी तिच्याकडून अक्षरांच्या पाटीवरची शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचून घेतली. डोळ्यांचा दोष निघाला असता तर मी काचा बदलून दिल्या असत्या.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं सरळ सांगितलं. स्नायू एकेक करून काम सोडतील. हात, पाय, मग जीभ, मग श्वास. बुद्धी शेवटपर्यंत लख्ख राहील. दोन वर्षं, कदाचित तीन. औषध नाही. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर एकच गोष्ट बोलली.

"माझं मी बोलणार. शेवटपर्यंत. कुणी माझ्या तोंडात शब्द घालायचे नाहीत." आणि मग माझ्याकडे वळून, "विशेषतः तू."

खोटं कशाला सांगू, ती माझी खोडच आहे. समोरचा अडखळला की मी त्याचं वाक्य पुरं करून टाकतो. मला थांबवत नाही.

बोलणं जड व्हायला लागलं तेव्हा हॉस्पिटलने एक तयार टॅब्लेट दिला. त्यात चित्रं होती आणि चित्रावर बोट ठेवलं की बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात वाक्य यायचं. "कृपया मला मदत करा." "मला अस्वस्थ वाटत आहे." ताईने चार-पाच वाक्यं ऐकली आणि जड जिभेने म्हणाली, "मी जन्मात कधी कुणाला कृपया म्हटलंय?" टॅब्लेट कपाटावर गेला.

दुसऱ्या दिवशी भाऊजी वही-पेन्सिल घेऊन तिच्यासमोर बसले आणि मापं घ्यायला लागले. कुठलं बोट किती लांब जातं, कळ दाबायला किती वेळ लागतो, सोडायला किती, किती मोठं अक्षर किती अंतरावरून वाचते. ताई खोखो हसली. आयुष्यभर तिने लोकांची मापं घेतली होती. "थोडं सैल ठेवा," म्हणाली. "मी महिन्या महिन्याला घटणार आहे."

तसा तो डेस्कटॉप बेतला गेला. हौसेचा तो राखाडी पडदा गेला आणि त्या जागी तिच्यासाठी एकेक तुकडा आला. अक्षरांचा मोठा फळा दाखवणारा एक प्रोग्राम. अर्धा शब्द झाला की पुढचा सुचवणारा दुसरा. लिहिलेलं मोठ्याने वाचणारा तिसरा. त्याचा आवाज घासून-पुसून ताईच्या जवळपास आणायला भाऊजींना पाच आठवडे लागले आणि तरी ताई म्हणाली, सर्दी झालेल्या ताईसारखा आहे. बोटांनी दाबायला सहा मोठ्या कळा होत्या, तेव्हा ती क्लासच्या मुलींनाही त्यावरून ओरडायची. "उसव," असं कॉम्प्युटर बोलला की मुली दचकायच्या.

अक्षरं महाग झाली तशी तिने काटकसर सुरू केली. सगळ्यात आधी टाकलं ते 'अहो'. सरळ अरे-तुरेवर आली. भाऊजी मला म्हणाले, "पंचवीस वर्षांनी बढती मिळाली बघ."

मग सहा कळांच्या तीन झाल्या. मग एक. भाऊजींची ती ओळींची फाईल रविवारी उघडायची आणि आता जोडायचं नसे, काढायचं असे. पण त्यांनी एकही ओळ पुसली नाही. ओळीच्या आधी एक खूण केली की कॉम्प्युटर ती वाचायची सोडून देतो, तेवढी खूण करून ठेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "उद्या परत लागली तर?" परत लागणार नव्हती, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

शेवटी राहिलं ते असं. ताई पलंगावर उशांना टेकून. टेबललॅम्पचा वाकवता येणारा दांडा पलंगाला बांधलेला, त्याच्या टोकाला गालाजवळ एक मऊ बटण. त्या बटणाच्या डबीत भाऊजींनी छोटा बझर बसवला होता. फळ्यावर एकेक रांग उजळत जायची आणि दर रांगेला बझर टिक करायचा. हवी ती रांग आली की ताई गालाने बटण दाबायची. मग त्या रांगेतलं एकेक अक्षर, पुन्हा टिक, टिक, पुन्हा गाल. पहिली रांग तयार शब्दांची होती: हो, नाही, पाणी, कूस, दुखतंय, पुरे. बाकी अक्षरं आणि काना-मात्रा. एका शब्दाला दीड-दोन मिनिटं. वाक्य झालं की 'बोल' नावाच्या चौकोनावर थांबायचं, की मग आवाज.

ती टिकटिक त्या घरात दिवसभर चालायची. नवख्या माणसाला त्रास होई. आम्हाला आठवड्याभरात ती ऐकूच येईनाशी झाली.

पडद्याच्या खालच्या कडेला भाऊजींनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला होता: चालतंय त्याला हात लावायचा नाही. या प्रोग्रामांच्या नव्या आवृत्त्या सारख्या येत असतात आणि या जातीच्या माणसांना नवं आलं की हात शिवशिवतात, हे ते स्वतःबद्दल जाणून होते. त्यांनी आठ महिने एकही नवी आवृत्ती चढवली नव्हती. त्यांच्यासारख्याला हे व्यसन सोडण्याइतकं अवघड.

मी दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून जायचो. त्या शनिवारी ताईला काहीतरी सांगायचं होतं. टिक, टिक, गाल. टिक, टिक, गाल. 'पोरीला म्हण' एवढं झालं. भाची मंगळवारी येणार होती. मी म्हटलं, "लवकर ये म्हणू?" ती 'नाही'वर गेली. मग पुन्हा सुरुवात. 'बाबांना'. "बाबांना सांभाळ म्हणू?" नाही. "बाबांना तिकडे घेऊन जा?" नाही. दर वेळी माझ्या मधे बोलण्याने तिला फळ्यावर वर जाऊन 'नाही' म्हणायला लागायचं आणि परत खाली यायला लागायचं. पंचवीस मिनिटं अशी गेली. तिचा गाल दमला आणि तिने डोळे मिटले. वाक्य फळ्यावर अर्धंच राहिलं: पोरीला म्हण बाबांना.

मी स्वयंपाकघरात गेलो. भाऊजी कप विसळत होते. आणि मी त्यांच्यावर बरसलो. स्वतःचा राग होता, काढला त्यांच्यावर.

"एवढे मोठे जोडारी म्हणवता, दिवसरात्र त्या डबड्यात डोकं घालून बसता, आणि तिला एक वाक्य बोलायला अर्धा तास लागतो! जरा वेग वाढवता येत नाही? तिच्याकडे किती दिवस आहेत असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी कप पालथा घातला, हात पुसले आणि बाहेर गेले. मी चप्पल घातली आणि घरी आलो.

रविवारी सकाळी आठला त्यांनी तो कागद काढला. फळा दाखवणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली होती, तिच्यात पुढचा शब्द जास्त चटकन सुचवायची सोय होती. अर्ध्या तासाचं काम. ताईला सांगून त्यांनी ते सुरू केलं. नवी आवृत्ती आली ती एकटी आली नाही. तिला पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्रामही नवा लागत होता, आणि त्या नव्याशी खिडक्या मांडणारा जुळेना, आवाजवाला जुळेना. मशीन उठलं ते नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चुकांच्या ओळी घेऊन.

ते घाबरले नाहीत. त्यांच्याकडे पेन ड्राइव्हवर प्रत ठेवलेली होती. पण ती होती त्यांच्या स्वतःच्या ओळींची, कुणाला कसं जुळवायचं त्याची. ज्यांना जुळवायचं त्या जुन्या प्रोग्रामांच्या जादा प्रती मशीनवरच होत्या, आणि जागा अडते म्हणून दोनच आठवड्यांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने त्या साफ केल्या होत्या. मापं होती, पण कापड नव्हतं. आता एकच मार्ग होता, सगळं नव्या मापाने पुन्हा बसवायचं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. टेबल भिंतीशी होतं, पलंग त्यांच्या पाठीमागे.

मी तीनच्या सुमाराला जेवणाचा डबा घेऊन गेलो. सकाळपासून त्यांनी तिची औषधं, पाणी, कूस, सगळं वेळच्या वेळी केलं होतं, घड्याळ लावून. करायचे आणि तोंड फिरवून परत खुर्चीत. मी काय झालं ते विचारलं. त्यांनी मागे न बघता दोन वाक्यांत सांगितलं. "होईल. जवळ आलोय."

बझर टिकटिक करत होता. ताई बटण दाबत होती. फळा नाही, काही नाही, नुसता काळा पडदा, तोही भाऊजींच्या डोक्याआड अर्धा झाकलेला, आणि ही आपली गालाने बटण दाबतेय. मला वाटलं, कंटाळली आहे. वैतागली आहे. तिच्या जागी मी असतो तर मी खोली डोक्यावर घेतली असती.

"थांब गं, झालंच," भाऊजी म्हणायचे. "झालंच, झालंच."

मीही पलंगाशी वाकलो आणि म्हणालो, "ताई, जरा धीर धर. चाललंय ना त्यांचं तुझ्यासाठीच."

तिने माझ्याकडे पाहिलं. किती तरी वेळ पाहत राहिली. मी तिची उशी सारखी केली आणि डबा झाकून ठेवून निघालो.

सहाला दहा कमी असताना फळा आला. आवाज आला. शब्द खरंच चटकन सुचत होते. भाऊजी "अगं, झालं!" म्हणून वळले तेव्हा तिला झोप लागली होती. त्यांनी उठवलं नाही.

सोमवारी सकाळी तिचा श्वास बिघडला. अ‍ॅम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात तोंडावर मास्क बांधला आणि त्याचा पट्टा नेमका गालावरून गेला. भाऊजी तो लॅम्पचा दांडा आणि बटण घेऊन तिथे उभे होते, ते कपाळाला लावून बघत होते, भुवईला लावून बघत होते. नर्सने त्यांना हाताला धरून बाजूला केलं. मंगळवारी दुपारी ताई गेली. भाची पोचली ती संध्याकाळी.

हॉस्पिटलच्या त्या लांबलचक व्हरांड्यात मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट बोललो. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? तिचा शेवटचा दिवस खाल्लात तुम्ही." ते मान खाली घालून उभे होते. एका शब्दात मला गप्प करता आलं असतं त्यांना. तूच सांगितलंस, एवढं म्हणायचं होतं. ते म्हणाले, "हो. तिचं वाक्य माझ्यामुळे अर्धं राहिलं."

घरी आल्यावर ते अर्धं वाक्य त्यांच्या मानगुटीवरच बसलं. बाबांना काय? पोरीला काय म्हणायचं होतं? ते कॉलेजात जायचे, चाळीस मशीनं उठवायचे, परत यायचे. ताईचं मशीन त्यांनी बंद केलं नव्हतं. फळा तसाच, बटण तसंच दांड्यावर, टिकटिक चालू. क्लासच्या मुली आपापली मशीनं झाकून हळूच निघून गेल्या. मी शनिवारी जात राहिलो, पण स्वयंपाकघरात शिरायची माझी छाती होत नव्हती.

भाची महिनाभर रजा काढून राहिली होती. एका शनिवारी मी गेलो तेव्हा ती आईच्या मशीनसमोर बसून वडिलांची ती फाईल वाचत होती. बापाची विद्या थोडी तिलाही येते. "मामा, बघ," म्हणाली, "यातल्या चार ओळी चालू आहेत. बाकी सगळ्यांपुढे खूण." ती खाली खाली सरकत होती आणि खुणाच खुणा जात होत्या. भाऊजी त्यांच्या त्या चौकड्यांच्या शर्टात खिडकीशी बसले होते.

मग तिने सहज विचारलं, "बाबा, टिकटिक करणारा प्रोग्राम त्या रविवारी पडला होता का?"

"नाही. तो वेगळा आहे. पडलं ते चित्र. अक्षर निवडणारा चालूच..." आणि ते थांबले.

मला आधी कळलं नाही. भाऊजींचा चेहरा पाहून कळलं. फळा दाखवणारा एक होता आणि अक्षर निवडणारा दुसरा. दाखवणारा दिवसभर मेलेला होता. निवडणारा दिवसभर जिवंत होता. टिक करत होता आणि बटण ऐकत होता. आणि जे ऐकेल ते एका फायलीत लिहून ठेवत होता, वेळेसकट, कारण भाऊजींनी त्याला तसं शिकवलं होतं. ताईने आठ महिने तो फळा पाहिला होता. तिला तो पाठ होता. तिला फळा दिसायची गरजच नव्हती. ती टिकटिक मोजत होती.

भाचीने फाईल उघडली. मी तिच्या खांद्यामागे उभा होतो. भाऊजी खिडकीशीच राहिले. "वाच," म्हणाले.

सकाळी नऊ बावीस: राहू दे.

मग मशीन बंद करून चालू केल्याची नोंद. त्या दिवशी भाऊजींनी ते चारदा बंद-चालू केलं होतं, आणि दर वेळी तिचं मोजणं तुटलं होतं आणि तिने पहिल्यापासून सुरू केलं होतं. एखादं अक्षर चुकलं होतं, पण कळत होतं.

साडेदहा: राहू दे आता. इक. मग नोंद.

बारा वाजून पाच: राहू दे. इकडे बस. मग नोंद.

दुपारी एक चाळीसपासून सगळ्यात लांब. भाची अडखळत वाचत होती. शर्ट खांद्यात उसवलाय. केव्हाची बघते आहे. पोरीला सांगायचं होतं बाबांना दोन नवे आण. हा फेकू नको, शिवून घे.

पोरीला म्हण बाबांना. एवढंच होतं ते. मी काय काय कल्पना केल्या होत्या, भाऊजींनी किती छळून घेतलं होतं स्वतःला. सहा तास ती त्यांची पाठ बघत होती आणि ती शिवणकामवाली होती.

मग चौथी नोंद. आणि तीन वाजून एकवीस मिनिटांनी, आठ महिन्यांत तिने जो शब्द एकदाही खर्च केला नव्हता तो: अहो. पुन्हा, अहो. पुन्हा, अहो. आणि मग: इकडे बस.

त्याखाली काही नव्हतं. त्या वेळी मी त्या खोलीत होतो. बझर ऐकत होतो. धीर धर, म्हणालो होतो. जन्मभर लोकांची वाक्यं मीच पुरी करत आलो, आणि ते एक वाक्य माझ्यासमोर पुरं होत होतं तेव्हा मी उशी सारखी करत होतो.

मी भाऊजींकडे गेलो. त्यांना सांगितलं, की शनिवारी स्वयंपाकघरात मी तसं बोललो नसतो तर तुम्ही कागद काढला नसता, आणि विचारलं, हॉस्पिटलात तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत. मी रडत होतो. त्यांनी बाहेर बघत मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. त्यांच्या उजव्या खांद्यावर, बाहीच्या जोडाशी, शिवण चार बोटं उसवली होती. आतलं बनियन दिसत होतं.

"भाऊजी, तो शर्ट काढा," मी म्हटलं. "पुढच्या खोलीत मशीन आहे. दोन टाके घालून आणतो."

त्यांनी खांद्याला हात लावला. बोटांनी ती उसवलेली जागा चाचपून बघितली.

"राहू दे," म्हणाले. "इकडे बस."

मी बसलो.